घर भाड्याने देणाऱ्यांनो, तुमचे अनुभव लिहा

मुग्धा_वि
काल पुतणीचा फोन आला. पहिलंच घर घेतलंय, स्वतः राहणार नाही, भाड्याने देणार. म्हणे, "काकू, भाड्यात हप्ता सुटतो, मग काळजी कसली?" तेव्हापासून आमचं जुनं घर डोक्यातून जात नाहीये.

भाडेकरू भले होते, भाडं वेळेवर. घर सोडताना कपाट सरकवलं तर मागची भिंत वरपासून खालपर्यंत काळी. ते म्हणाले, बाहेरून ओल येते. आमचे हे म्हणाले, तुम्ही कपडे आत वाळवता, खिडकी उघडत नाही. डिपॉझिटवरून इतकं वाजलं की इतकी वर्षं गोड बोलणारी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली. नंतर कळलं, दोन्ही खरं होतं. बाहेरच्या भिंतीला बारीक तडा होता आणि आत वाफही कोंडत होती.

पैसे, माणसं, गळती, काहीही लिहा. तिला वाचायला देणार आहे.

रानवारा
रिकामे महिने! एक महिना घर रिकामं राहिलं की वर्षाच्या भाड्यातले 8.33 टक्के गेले. हप्ता मात्र बाराही महिने चालूच. चांगला भाडेकरू असेल तर 5 टक्के वाढीसाठी ताणू नका. तो गेला आणि घर एकच महिना पडून राहिलं, तर तेवढ्या वाढीतून ते भरून निघायला 20 महिने लागतात. दलाली, रंगकाम वेगळंच.

चिऊची_आई
कपाटामागची भिंत!! अगदी अगदी. आमच्याकडे पलंगामागे. सविस्तर नंतर लिहिते, बाळ उठलं.

पान्हा_पकड
ओलीबद्दल. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. घरातली आर्द्रता 60 टक्क्यांच्या खाली राहिली तर बुरशी सहसा धरत नाही, मोजायचं छोटं यंत्र मिळतं. छतावर डाग दिसला म्हणजे गळती बरोबर त्याच्या वर असेलच असं नाही. पाणी स्लॅबमधून वाट मिळेल तसं सरकतं आणि भलतीकडे उतरतं, उगाच वरच्यांशी भांडू नका.

पाण्याचं बिल वाढलंय? सगळे नळ बंद करून मीटरचा आकडा लिहा, दोन तास पाणी न वापरता परत बघा. फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका. पंधरा मिनिटांत फ्लश न करता खाली भांड्यात रंग उतरला तर टाकी गळतेय. सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी वर्षाला 10 हजार लिटरच्या आसपास पाणी जातं.

चिऊची_आई
आत्ताच रंग टाकून बघितला. भांड्यात निळं पाणी 😲 दादा, वॉशर घरी बदलता येतो का?

पान्हा_पकड
येतो. आधी टाकीचा कॉक बंद करा. जुना वॉशर दुकानात घेऊन जा, मापं वेगवेगळी असतात.

शांत_संध्याकाळ
आमच्याकडे भाडं थकलं होतं. त्यांची नोकरी गेलेली, दर वेळी "पुढच्या आठवड्यात देतो". नातेवाइकांचे सल्ले सुरू, कुलूप बदला, वीज तोडा. वकीलबाईंनी स्पष्ट सांगितलं, बहुतेक ठिकाणी तसं करणं बेकायदा आहे, थकवलं त्यांनी आणि अडकाल तुम्ही. मग समोरासमोर बसून कागदावर लिहिलं, घर सोडायची तारीख, थकबाकीचे हप्ते, दोघांच्या सह्या. तारखेला किल्ली दिली त्यांनी. हप्ते पूर्ण आले नाहीत, मीही सोडून दिलं. मुलीची परीक्षा होती त्यांच्या, तिला ओढाताण झाली नाही याचं आजही बरं वाटतं.

मुग्धा_वि
@शांत_संध्याकाळ, वाचून डोळ्यांत पाणी आलं हो. तारीख लिहून घेणं फार मोलाचं.

तिसरा_वाटा
घर तीन भावंडांच्या नावावर. भाडं वाटताना सगळे हजर, मोटर जळली की फोन लागत नाही. आता घराचं खातं वेगळं. दर महिन्याच्या भाड्यातले 10 टक्के तिथेच राहतात, दुरुस्ती त्यातून. वाद पुष्कळ कमी झाले. धाकट्याशी वेगळ्या कारणाने अबोला आहे, ते असो.

हिशोबी_बाई
पुतणीला म्हणावं, हप्ता सुटतो हा अर्धाच हिशोब. मालमत्ता कर, देखभाल, विमा, रिकामा काळ, भाड्यावरचा आयकर, सगळं वजा करून काय उरतं ते बघ. समजा भाडं वर्षाला किमतीच्या 4 टक्के. खर्च जाऊन 3 उरले आणि कर्ज 8 टक्क्यांचं, तर कर्जातल्या प्रत्येक शंभरामागे 5 खिशातून. किंमत वाढेल या भरवशावर लोक घेतात, पण वाढलेली किंमत विकल्याशिवाय हातात येत नाही आणि घराची एक खोली विकून अडचण भागवता येत नाही. कर्जाचा दर बदलता आहे का, तेही विचार.

खिडकीतली_तुळस
मी भाडेकरू आहे, लिहिलं तर चालेल ना? आधीचे मालक न सांगता स्वतःच्या किल्लीने आत यायचे. आंघोळ करून बाहेर आले तर हे हॉलमध्ये पंखा बघतायत! त्या महिन्यातच घर सोडलं. आताच्या बाई आदल्या दिवशी विचारतात. नळ गळला तर मीही लगेच कळवते, घर आपलंच वाटतं.

रानवारा
+1. घर सुटायचं हे एक मोठं कारण आहे, मालकांच्या लक्षात येत नाही.

मुग्धा_वि
पुतणी वाचतेय. विचारतेय, ताबा देताना नेमकं काय लिहून घेऊ?

हिशोबी_बाई
मीटरचे आकडे, किल्ल्या किती, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ, कपाटं उघडून. दोघांच्या फोनमध्ये तोच व्हिडिओ हवा. वापराने फिका पडलेला रंग मालकाचा खर्च, फुटलेलं बेसिन भाडेकरूचा, हेही आधीच लिहा.

अबोली_९
आणि मांजर असेल तर तेही 😀 आमचे आधीचे भाडेकरू गेले, मांजर परत परत त्याच दारात. नवीन आलेल्यांनी आनंदाने ठेवून घेतलं.

चिऊची_आई
अय्या! नाव काय?

अबोली_९
पोपट. आधीच्यांच्या मुलाने ठेवलेलं, नवीन मंडळींनीही बदललं नाही. फोटो रात्री टाकते.