‘सुल्ट’ पाहिला म्हणजे ‘सुल्ट’ वाचली?

उपाशी बोरू: परवा इथं एका महाशयांनी ठोकून दिलं की हेनिंग कार्लसनचा १९६६चा ‘सुल्ट’ (म्हणजे ‘भूक’) हा चित्रपट पाहिला की क्नुत हामसुनची त्याच नावाची १८९०ची नॉर्वेजियन कादंबरी वाचायची गरज उरत नाही. तेव्हापासून डोक्यात भुंगा आहे. कादंबरीचा नायक एक उपाशी लेखक, त्याला नावच नाही, लोकांना सांगतो ती सगळी खोटी. चित्रपटात त्याचं बारसं करून टाकलंय, म्हणे पोन्टुस! जाकीट गहाण टाकून दीड क्रोनर (नॉर्वेचं चलन) घेतो, मग खिशात पेन्सिलीचं थोटूक राहिलं म्हणून परत जातो आणि त्या थोटकानंच तत्त्वज्ञानाचा तीन खंडी ग्रंथ लिहिल्याची थाप मारतो. थाप मारतामारता ती त्याला स्वतःला पटत जाते, गंमत तिथं आहे. शिवाय मधेच भूतकाळ सोडून वाक्य वर्तमानकाळात घसरतं. कॅमेऱ्याला हे कसं जमणार? त्याला एकच काळ ठाऊक.

रीळवाला: घसरण कुठल्या अनुवादात वाचलीत तेही सांगा. रॉबर्ट ब्लायच्या १९६७च्या इंग्रजीत ती सपाट झालीय. १९९६मध्ये स्वेरे लिंगस्टाडनं ती परत आणली, वर ब्लायचे वाभाडेही काढले. म्हणजे ब्लाय वाचून ‘मूळ कादंबरी’ म्हणणाऱ्यांनी चित्रपटाला नावं ठेवू नयेत. आणि नायक झालेल्या पर ऑस्करसनला कान चित्रपट महोत्सवात अभिनयाचा पुरस्कार काय दया म्हणून दिला? चालणं बघा त्याचं. क्षणात ताठ, क्षणात गुडघ्यातून गेलेला.

उपाशी बोरू: लिंगस्टाडच वाचलाय. धन्यवाद.

पथ्यपाणी: तुमचं चालू द्या. माझं दुखणं वेगळं आहे. नायक कुत्र्यासाठी म्हणून खाटकाकडून हाड मागतो, कच्चंच कुरतडतो आणि ओकतो, त्या प्रसंगाला जो तो ‘समाजानं नाकारल्याचं प्रतीक’ म्हणतो. प्रतीक कसलं? उपाशी जठर मंदावलेलं असतं, त्यात चरबीचं कच्चं मांस घाईनं कोंबलं. बाहेर येणारच.

निदानपंडित: याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात, लांब उपासानंतर पुन्हा खाल्ल्यानं होणारा बिघाड. गूगल करा.

पथ्यपाणी: तुम्हीच करा, आणि पहिल्या ओळीच्या पुढं वाचा. रीफीडिंगमध्ये अन्न पोटात *राहतं*, खरा धोका तिथून सुरू होतो. पिष्टमय पदार्थ गेले की इन्शुलिन वाढतं. फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात, रक्तातलं प्रमाण कोसळतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे पहिल्या काही दिवसांत होतं, पाच मिनिटांत नाही. म्हणून जास्त जोखमीच्या रुग्णाला सुरुवातीला दिवसाला किलोमागे फार तर 10 किलोकॅलरी देतात. 50 किलोच्या माणसाला 500. त्याआधी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

निदानपंडित: म्हणजे ओकला म्हणून वाचला?

पथ्यपाणी: एवढंही ताणू नका. हाडावरच्या मांसात पिष्ट जवळजवळ नसतंच. पुढं वाण्याचा पोऱ्या, यानं पाच क्रोनर दिलेत असं चुकून समजून, मेणबत्तीबरोबर त्यातली मोड देतो, त्या पैशांत हा बीफस्टेक खातो आणि पुन्हा ओकतो. मग एकाला विचारतो, उपाशी माणसानं काय खावं? उत्तर येतं, उकळलेलं दूध. हामसुनला पक्कं ठाऊक होतं. मेळघाटात अतिकुपोषित पोरांना सुरुवातीला देतात ते एफ-75 तरी काय? पातळ दूध, साखर, तेल. 100 मिलिलिटरला 75 किलोकॅलरी, सुरुवातीला दर दोन तासांनी थोडंथोडं.

रीळवाला: धागा चित्रपटाचा आहे की आहारशास्त्राचा?

पथ्यपाणी: भुकेच्या चित्रपटात भूक विषयाबाहेर? वा!

उपाशी बोरू: उलट पथ्यपाणींनी माझंच काम केलं. कादंबरीचे चार भाग, मधल्या काळात कसाबसा जगतो. पहिल्या भागाच्या शेवटी लेखाचे दहा क्रोनर येतात. खाणं, पुन्हा उपास, पुन्हा खाणं, असं चक्र आहे ते. चित्रपट ते चक्र मोडून एकच सलग घसरगुंडी करतो. मग बघणारे ‘बिच्चारा’ म्हणतात. तो बिच्चारा नाहीये हो, महाअहंकारी आहे! बेघर म्हणून पोलीस चौकीत रात्र काढायला जातो, तिथं पत्रकार असल्याची ऐट मारतो. सकाळी बाकीच्यांना जेवणाचं तिकीट मिळतं, याला नाही, कारण प्रतिष्ठित माणसाला कोण तिकीट देणार? त्याच कोठडीत, काळोखात, त्याला ‘कुबोआ’ हा शब्द सुचतो. अर्थ काहीच नाही, आणि त्या अर्थ नसण्यावर तो स्वतःशीच भांडत बसतो. चित्रित करून दाखवा.

रीळवाला: तुम्हीच सांगितलंत की! तिकीट वाटणारा हात, रांग, यानं मान वळवणं. तीन शॉट. अहंकार दाखवायला निवेदन लागत नाही. संपादक आगाऊ पैसे देऊ करतो आणि हा नको म्हणतो, तेव्हा ऑस्करसनच्या चेहऱ्यावर बिच्चारेपण कुठं दिसलं तुम्हाला? ‘कुबोआ’ मात्र नाही जमणार. घ्या, एवढं दिलं.

उपाशी बोरू: उपकार झाले. मीही देतो मग. संपादकाचा प्रसंग पुन्हा पाहिला, चेहरा खरंच माजोरडा आहे. ऑस्करसनला पैकीच्या पैकी. पोन्टुस या नावाला शून्य. आणि दुधावरची साय काढायची की ठेवायची, ते पथ्यपाणींनी सांगावं.

पथ्यपाणी: काढायची.