मदत हवी आहे: आईच्या मेंदूतल्या गाठीचं ऑपरेशन झालं, रेडिएशन लगेच द्यावं की थांबावं?

नमस्कार मंडळी, हॉस्पिटलच्या बाकावर बसून टाइप करतोय, सांभाळून घ्या. आई ६१ वर्षांची, शुगर आहे. दिवाळीपासून तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटून मागे राहायची आणि तिला पत्ताच नसायचा, आम्ही सगळं गुडघ्यावर ढकललं, हाडाच्या डॉक्टरकडे दोन महिने घालवले, मग एक दिवस पायाला झटके आले तेव्हा एमआरआय केला तर डोक्यात उजव्या बाजूला, टाळूच्या हाडाखाली मेनिन्जिओमा (मेंदूच्या आवरणातून वाढणारी गाठ), ५ सेंमीचा. पाच आठवड्यांपूर्वी ऑपरेशन झालं. गाठ जवळजवळ सगळी निघाली पण मधल्या मोठ्या शिरेला (सायनस म्हणतात ती) चिकटलेला पातळ थर मुद्दाम ठेवलाय, शीर फाटली असती तर जिवावर बेतलं असतं म्हणे. बायोप्सीत ग्रेड २ (तीनपैकी मधला), सूक्ष्मदर्शकाच्या १० फील्डमध्ये ६ मायटोसिस, म्हणजे विभागत असलेल्या पेशी.

आता गोची अशी की रेडिएशनवाले म्हणतात ३० सीटिंग, एकूण ५४ ग्रे (किरणांच्या डोसचं माप), सहा आठवडे, उगाच लांबवू नका. सर्जन म्हणतात तीन महिन्यांनी एमआरआय करू, वाढ दिसली तरच देऊ. मामाचं तिसरंच, कॅन्सर नाही ना मग शेक कशाला! कोणाच्या घरी असं झालंय का? आणि पाय रेडिएशनने सुधारेल का, अजून वॉकर लागतो.

प्रतिसाद १:
माझ्या सासऱ्यांचं सेम, ग्रेड २ आणि थर शिल्लक. ग्रेड १ असता तर थांबणं समजू शकते, पण ग्रेड २ ला परत वाढायची खोड असते. दोन डॉक्टरांमध्ये तुम्ही निरोप्या होऊ नका, केस ट्यूमर बोर्डात (सर्जन, रेडिएशनवाले सगळे एकत्र बसून ठरवतात ती बैठक) ठेवा म्हणून सांगा. पायाचं म्हणाल तर ताकद फिजिओने येते, रेडिएशन फक्त वाढ रोखायला. आणि नंतरच्या एमआरआयमध्ये थर गायब होईल म्हणून वाट बघू नका, आमचा चार वर्षं आहे तेवढाच आहे, डॉक्टर त्यालाच यश म्हणतात. रेडिएशन देताना डोकं हलू नये म्हणून मास्क लावतात, त्यात सासरे पहिले दोन दिवस घाबरले, मग त्यातच घोरायला लागले. तिसऱ्या आठवड्यात किरण जातात तेवढ्या पट्ट्यातले केस गेले, थकवा मात्र खूप. मध्ये सूज आली म्हणून स्टिरॉइड दिलं तेव्हा शुगर भडकली, ते आधीच विचारून ठेवा.

धागाकर्ता:
ताई, खूप आभार. ट्यूमर बोर्ड हे आजच कळलं, सोमवारी विचारतो. स्टिरॉइड चालू असताना सासऱ्यांना इन्सुलिन लागलं होतं का?