घाटात इंजिन तापते, शहरात तापत नाही: हेड उघडण्यापूर्वी काय तपासावे?

प्रश्न

नमस्कार. माझी चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक ११ वर्षांची असून तिचे १,१०,००० किलोमीटर झाले आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना, गाडीत चार माणसे असली आणि एसी चालू असला, की खंबाटकी घाटात तापमानाचा काटा मध्यावरून सरकू लागतो आणि माथा येईपर्यंत लाल खुणेजवळ पोहोचतो. एसी बंद करून उताराला लागल्यावर पाच-सात मिनिटांत तो जागेवर येतो. परतताना बोगद्याच्या रस्त्याने हा त्रास जवळजवळ होत नाही. शहरात सिग्नलवर कितीही वेळ थांबलो तरी पंखा वेळेवर सुरू होतो आणि काटा हलत नाही. सपाट महामार्गावर मात्र ताशी ९० च्या पुढे तो किंचित वर जातो.

एका गॅरेजमध्ये ‘आपल्या हवेत याची गरज नसते’ असे सांगून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकण्यात आला. तेव्हापासून सकाळी इंजिन तापायला फार वेळ लागतो, ॲव्हरेजही घटले आहे, आणि घाटातला त्रास होता तसाच आहे. गेली दोन-तीन वर्षे कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खाली गेली की मी घरच्या बोअरचे पाणी घालत आलो, हेही सांगायला हवे. आता वॉटर पंप (कूलंट फिरवणारा पंप) आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांमधली सील) बदलावे असे सुचवले जात आहे. एवढा खर्च करण्यापूर्वी कोणत्या चाचण्या कराव्यात?

पहिले उत्तर

आपण काटा केव्हा चढतो हे नेमके लिहिलेत, त्यामुळे अर्धे काम झाले आहे. गाडी उभी असताना तापते आणि वेग घेतल्यावर निवते, तेव्हा संशय पंखा, त्याचा रिले, फ्यूज आणि सेन्सर यांच्यावर जातो. आपल्याकडे नेमके उलटे घडते आहे. इंजिनावर भार वाढला की उष्णता जास्त निर्माण होते, पण ती बाहेर टाकण्याची क्षमता तेवढी उरलेली नाही. अशा वेळी मी प्रथम रेडिएटर पाहीन, मग खालचा होज (रेडिएटरमधून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी), आणि पंप त्यानंतर.

बोअरच्या पाण्याचा उल्लेख मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार गरम भागांवर आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत थर धरतात. शिवाय नुसते पाणी भरत राहिल्याने कूलंटमधील गंजरोधक द्रव्ये विरळ होतात आणि गंजाचा गाळही त्याच नळ्यांत साचतो. काही नळ्या बंद झाल्या तरी उरलेल्या नळ्या शहरातले काम निभावून नेतात. घाटात मात्र त्या पुरत नाहीत.

तपासण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण तापवून इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी तापमान घ्यावे. कूलंट आत येते त्या बाजूकडून बाहेर पडते त्या बाजूकडे तापमान हळूहळू उतरत गेले पाहिजे. मध्येच एखादा पट्टा एकदम थंड लागला, तर तिथल्या नळ्या बंद आहेत. हाताने चाचपायचे असेल तर आधी इंजिन बंद करून बॅटरीची तार सोडवावी, कारण इंजिन बंद असतानाही पंखा अचानक फिरू शकतो. मदतनिसाला रेस देण्यास सांगून खालचा होज आत पिचकतो का, हेही पाहावे.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. फक्त थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचे झाकण यांविषयी लिहितो, कारण या दोन स्वस्त भागांकडे फार दुर्लक्ष होते. थर्मोस्टॅट साधारणपणे ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो. तो बिघडला आहे की नाही हे ठरवायला पातेल्यात पाणी, थर्मामीटर आणि गॅसची शेगडी पुरते. बऱ्याच इंजिनांत तो उघडताना बायपासची वाटही बंद करतो. तो काढून टाकला की ती वाट कायम उघडी राहते आणि काही कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहते. म्हणजे सकाळी इंजिन थंड आणि घाटात गरम, हे दोन्ही त्रास त्यातून होऊ शकतात. इंजिन थंड राहिले की इंजिनाचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून ॲव्हरेज घटले असावे.

झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा (साधारणपणे बारमध्ये) असतो. साध्या दाबाखाली १०० अंशांना उकळणारे पाणी १ बार जादा दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाचे रबर चिरले किंवा स्प्रिंग ढिली झाली, की हे संरक्षण जाते. नवे झाकण त्याच आकड्याचे घ्यावे, आणि इंजिन गरम असताना ते कधीही उघडू नये; असे भाजलेले हात मी पाहिले आहेत.

हेड गॅस्केटविषयी अंदाजाने निर्णय घेऊ नये. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रावणाची नळी धरून चाचणी करता येते. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल, तर पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ते द्रावण पिवळे पडते.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी एका परिचित फिटरकडे सर्व तपासण्या केल्या. रेडिएटरच्या आडव्या नळ्यांपैकी वरच्या भागात ८० ते ९० अंश मिळाले. खालचा जवळजवळ एक तृतीयांश भाग ५० अंशांच्या आसपास होता. निळे द्रावण निळेच राहिले. झाकणाचे रबर चिरलेले होते आणि कूलंट गढूळ, तांबूस निघाले. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत धूळ आणि किडे घट्ट बसलेले होते. आता फिटर आम्ल घालून नळ्या साफ करू का, असे विचारतो आहे.

पहिले उत्तर देणाऱ्यांकडून

आम्ल घालू देऊ नये. जुने तांबे-पितळेचे रेडिएटर असत, तेव्हा टाक्यांचे डाग (सोल्डरचे जोड) सोडवून नळ्यांतून सळई घालून ते साफ करता येत. आपल्या गाडीतला कोअर (नळ्यांचा मधला भाग) ॲल्युमिनियमचा आणि टाक्या प्लॅस्टिकच्या असणार. तीव्र आम्ल त्या पातळ नळ्यांनाच खाते. एक तृतीयांश भाग बंद असेल, तर नवा रेडिएटर घेणेच योग्य.

तो बसवण्यापूर्वी इंजिन आणि हीटरचा मार्ग स्वच्छ पाण्याने धुवून घ्यावा, नाहीतर सुटलेला गाळ नव्या नळ्यांत जाऊन बसेल. कंडेन्सरची जाळी हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावी. प्रेशर वॉशरने पाकळ्या वाकतात. नवा थर्मोस्टॅट मूळच्याच तापमानाचा बसवावा. मग कारच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचे कूलंट भरावे: घट्ट स्वरूपात मिळाले तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मे-निम्मे, तयार मिश्रण असेल तर पाणी न मिसळता. रंगावरून प्रकार ओळखू नये. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून आणि हवा काढण्याचा स्क्रू असल्यास तो उघडून हवा जाऊ द्यावी. पंपाखालच्या लहान छिद्रातून गळती नसेल आणि बेअरिंगचा आवाज नसेल, तर पंप आज बदलू नये.

प्रश्नकर्ता

रेडिएटर, थर्मोस्टॅट, झाकण आणि कूलंट बदलले. पंप जुनाच ठेवला. काल चार माणसे आणि एसी यांसह खंबाटकी चढलो, तेव्हा काटा मध्यावरून हलला नाही. घरी येऊन इंजिन निवल्यावर कूलंटच्या बाटलीतील पातळी बोटभर खाली दिसली. ती उरलेली हवा निघून गेल्याने उतरली असावी, असे समजून त्याच मिश्रणाने भरली आहे. पुढचे दोन आठवडे रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी ती पाहणार आहे, आणि पुन्हा उतरली तर पंपाखालचे छिद्र प्रथम तपासेन.