मदत हवी आहे : चक बेरीची एलपी डिजिटल करायची आहे

मंडळी, मामांच्या संग्रहातली अमेरिकन रॉक-अँड-रोल गायक-गिटारवादक चक बेरीची 'द लंडन चक बेरी सेशन्स' (१९७२) ही एलपी (मोठी रेकॉर्ड) हाती लागली आहे. एक बाजू स्टुडिओतली. खरी मजा दुसरीत, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या कार्यक्रमात. तिथे 'माय डिंग-अ-लिंग' या गाण्यात ४५ वर्षांचा चक मुलांना एक ओळ, मुलींना दुसरी ओळ गायला लावतो. गाणं चावटच, पण ११ मिनिटं सगळं सभागृह त्याच्या मुठीत! सिंगलवर (छोट्या रेकॉर्डवर) हे गाणं बरंचसं कापलं होतं, म्हणून एलपीच हवी.

टर्नटेबल थेट लॅपटॉपला जोडलं तर आवाज बारीक, बेस गायब. म्हणजे फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवून बेस नीट करणारं यंत्र) लागणारच ना? पाच हजारांच्या आत कोणता घ्यावा? खरखर सॉफ्टवेअरने काढली तर टाळ्याही बोथट होतात का? पुण्यात रेकॉर्ड नीट धुऊन देणारं कोणी आहे का?