मोठ्या टेक कंपन्यांना पर्याय: तुम्ही काय सोडलंत, कुठे अडलात?

दुपारचा_चहा (धागाकर्ती)
काल जुनी हार्ड डिस्क रिकामी करताना एक ओपीएमएल फाईल (वाचायच्या ब्लॉगांची यादी) हाती लागली. ज्या गूगल रीडरमध्ये आपण सगळे ब्लॉग वाचायचो तो १ जुलै २०१३ ला बंद झाला, त्याआधी घाईघाईत उतरवून घेतलेली. गंमत म्हणून थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्रॅममध्ये टाकली. चालली की! निम्मे ब्लॉग मेलेत, पण यादी जशीच्या तशी. सेवा गेली, फाईल मात्र कुठेही उघडते. तेव्हापासून काहीही नवीन घेताना मी आधी 'यातून बाहेर कसं पडायचं' ते बघते. ब्राउझर फायरफॉक्स, पासवर्ड कीपासमध्ये, लिखाण लिबर ऑफिसात. ईमेल अजून जुनाच. बँक, गॅस, विमा सगळं त्या पत्त्याला चिकटलंय. तुमचं सांगा. परत गेला असाल तर तेही लिहा, लाजू नका.

खडूफळा
लिनक्स मिंट, विंडोजऐवजी. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि अकराला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, ती आमच्या लॅपटॉपात नाही. भंगारात द्यायला जीव होईना. आता सासरे वापरतात. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, "पत्ते कुठे गेले?" सॉलिटेअर शोधून दिला, विषय संपला.

जमाखर्च
ऑफिसात टॅली, म्हणजे विंडोज आलंच. घरी काहीही चालेल. बाकी धागा २० तारखेनंतर वाचते, जीएसटीचे थ्रीबी भरायचेत 🙏

सह्यभटक
नकाशे! ऑस्मअँड अ‍ॅप. डेटा ओपनस्ट्रीटमॅपचा, आधी उतरवून घेतला की रेंज नसली तरी चालतो, चढ-उतार दाखवणाऱ्या कंटूर रेषाही दिसतात. रतनगड ते हरिश्चंद्रगड, कात्राबाईच्या खिंडीतून जाताना हाच उघडला होता. पायवाटा कुणीतरी आपल्यासारख्यानेच चालून टाकलेल्या असतात. पाण्याचं टाकं नकाशात नसेल तर आपण घालायचं. मी आमच्या वाडीचं नाव घातलं, आता सगळ्या जगाला दिसतं 😄 पण शहरात "जवळचं झेरॉक्सचं दुकान" शोधायला जाऊ नका, हात हलवत परत याल.

चिंचगूळ
@सह्यभटक कात्राबाई परत कधी? मला यायचंय.

बोरूबहाद्दर
लिबर ऑफिस ठीक आहे हो, पण आमच्या छापखान्यात अजून जुने फॉन्ट. युनिकोडमध्ये दिलेला मजकूर ते आधी त्यांच्या फॉन्टात बदलून घेतात, मग रफार कुठे, ऱ्हस्व वेलांटी कुठे. दिवाळी अंकाचं प्रूफ वाचून डोळे गेले. (धाग्याशी संबंध नाही, पण कुठेतरी बोलायला हवं होतं.)

दुपारचा_चहा
@बोरूबहाद्दर बोला बोला, धागा आपलाच आहे.

कीलची_मावशी
आमच्याकडे, म्हणजे जर्मनीत श्लेस्विग-होलस्टाइनमध्ये, अख्खं राज्य सरकारच निघालंय. एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं: सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांना लिबर ऑफिस. मग ईमेलही ओपन-एक्सचेंज आणि थंडरबर्डवर नेलं. पण म्युनिक शहराचं विसरू नका. तिथे लिनक्स आणलं आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. सरकार बदललं की कॉम्प्युटर बदलतात, हे फक्त आपल्याकडेच नाही.

अळूवडी
जानेवारी २०२१ आठवतंय? व्हॉट्सअ‍ॅपच्या अटी बदलणार म्हणून आमचं अख्खं खानदान सिग्नल अ‍ॅपवर. काकांनी ग्रुपला नाव दिलं 'नवीन घर'. आता तिथे मी आणि माझा भाचा. सोसायटीचं पाणी कधी येणार ते जुन्याच ग्रुपवर कळतं, तर जाणार कुठे?

खडूफळा
@अळूवडी 😂😂 भाडेकरू ठेवा नवीन घरात

रात्रपाळी
फोटो घरच्याच जुन्या पीसीवर, इम्मिच हे फोटो सांभाळणारं सॉफ्टवेअर टाकून. चेहरे ओळखतं, फोनवरून आपोआप चढतात. पण लाईट गेली की अल्बम गेला, आणि बायको नेमकी तेव्हाच आईला बारशाचे फोटो दाखवत असते. शिवाय दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवावीच लागते. क्लाउडवाल्यांना आपण पैसे कशाचे देतो ते तेव्हा कळतं.

चिंचगूळ
@रात्रपाळी यूपीएस कुठला घेऊ? आमच्याकडे मंगळवारी हमखास जाते.

रात्रपाळी
@चिंचगूळ ६०० व्हीएचा पुरे, राउटरही त्यालाच लाव. फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सह्यभटक
@चिंचगूळ पाऊस ओसरला की. हेडटॉर्च आण.