बेसबॉलवर ‘शिकून’ पैसे लावा म्हणे!

मोंढ्यातला (परभणी)
काल एकानं ‘नवशिक्यांनी बेसबॉलवर पैसे कसे लावावेत’ अशी लांबलचक पोस्ट टाकली. सार एवढंच: संघ बघू नका, सुरुवातीचा पिचर (चेंडू टाकणारा) बघा, एका सामन्यावर जमवलेल्या रकमेच्या दोन टक्क्यांवर जाऊ नका, कमजोर संघाचा भाव चढा दिसला तर तिकडं लावा, हरलेलं भरून काढायला दुप्पट लावू नका. खाली पोरं विचारायलेत, ‘दादा, सट्टा लावायची आयडी कुठं मिळंल?’ ते वाचून डोकं फिरलं, म्हणून लिहायलो.

सल्ला चूक नाही, अर्धवट हाय. त्यांचंच उदाहरण घ्या. एकाचा भाव उणे 150, समोरच्याचा अधिक 130. म्हणजे पहिल्यावर 150 लावले तर 100 सुटतात, दुसऱ्यावर 100 लावले तर 130. पहिल्यावर लावणारा शंभरातून 60 वेळा जिंकला तर बरोबरीत, दुसऱ्यावरचा साडेत्रेचाळीस वेळा. बेरीज झाली 103.5. सामना तर शंभराचाच असतो. वरचे साडेतीन कुणाच्या खिशात गेले? मोंढ्यात मालाच्या वजनातून कडता कापतात तसंच हे. फरक एवढाच, की आपला माल वर्षातून दोनदा मोंढ्यात जातो. तिथं 30 संघ, प्रत्येकाचे 162 सामने, सीझनला 2,430. रोज कडता!

पहाटेचा पंटर (नांदेड)
पोस्ट माझी, म्हणून उत्तर मीच देतो. साडेतीन टक्के मला माहीत नाहीत असं वाटलं का तुम्हाला? अहो, म्हणूनच ‘अभ्यास करा’ लिहिलंय. 2024 मध्ये शिकागोचा व्हाइट सॉक्स 121 सामने हरला, इतका रद्दी संघ. तरी 41 जिंकलाच ना? 2001 चा सिअ‍ॅटल 116 जिंकला, तोही 46 हरला. क्रिकेटमधला पंटर येतो आणि ‘मोठा संघ, लगा दो’ म्हणून बुडतो. त्याला सावध करणं गुन्हा आहे का?

आणखी ऐका. नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात पाहुण्यांची बॅटिंग संपल्यावर घरचा संघ पुढे असेल तर तो परत बॅटिंगलाच येत नाही. म्हणजे घरच्या फेव्हरिटवर ‘दीड रनने जिंकेल’ (म्हणजे निदान दोन रननी) असं लावणाऱ्याची शेवटची संधीच गेली. डेन्व्हरचं मैदान समुद्रसपाटीपासून मैलभर उंच, हवा विरळ, चेंडू लांब जातो, धावा जास्त होतात. हे कुणी सांगत नाही, मी फुकट सांगतो. तर म्हणे डोकं फिरलं.

मोंढ्यातला
डेन्व्हरची हवा तुम्हाला कळली अन् बुकीला नाही कळली? त्यानं ती भावात आधीच धरलेली असते की.

काळा कोट (लातूर)
ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट 2025 मध्ये मंजूर केला आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. त्याआधीही आपल्याकडे 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा होताच. खेळणाऱ्याला नव्या कायद्यात शिक्षा नाही, हे मान्य. पण आयडीवाला पैसे घेऊन पळाला तर फिर्याद कोणत्या तोंडाने देणार?

पंटर
वकीलसाहेब, मटका किती वर्षं चालला तुमच्या 1887 च्या नाकावर टिच्चून?

मोंढ्यातला
मटक्याचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्याची सुरुवातच न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून. तिथले उघडते-बंद भाव तारेनं मुंबईला यायचे अन् त्यावर आकडा लागायचा. कापूस आमचा, भाव त्यांचा, आकडा तिसऱ्याचा. आता कापूसही नको, नुस्ता चेंडू.

कॅचर नं. 7 (जालना)
मला एक सांगा, इथं बेसबॉल बघितलाय कुणी? मी सात वर्षं सॉफ्टबॉल खेळलो, बेसबॉलचाच भाऊबंद, दोनदा राज्यावर गेलो. जिल्ह्याच्या फायनलला मोजून अकरा माणसं होती, त्यात दोन चहावाले. अन् अमेरिकेतल्या सामन्यावर पहाटे साडेचारला उठून पैसे लावायलेत! ‘पिचर बघा’ म्हणतो. पिचरचा खांदा पाचव्या डावात उतरला, हे त्याचा चेंडू झेलणाऱ्या कॅचरला ग्लोव्हमध्ये कळतं, तुझ्या मोबाइलवर नाही.

पंटर
सॉफ्टबॉलवाल्यांनी खेळप्रेमाच्या गप्पा मारू नयेत. निम्मे तर खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाच्या प्रमाणपत्रासाठीच मैदानात येतात. बारावीला वाढीव गुण, नंतर नोकरी. आमच्या गल्लीत एकाला बॅट कुठून धरायची माहीत नाही, घरात तीन प्रमाणपत्रं.

कॅचर नं. 7
तोंड सांभाळून बोल. डाव्या हाताचं बोट दोनदा मोडलंय मपलं. खरं प्रमाणपत्र घेऊन पडताळणीला गेलो तर फाइल दोन वर्षं एका टेबलावर पडून. बोगसवाल्यांनी खाल्लं, भोगलं आम्ही. भरतीचं वय निघून गेलं. तू त्या तीन प्रमाणपत्रवाल्याची तक्रार केली का? नाही केली. करणारही नाहीस, तो तुझ्या गल्लीतला ना.

गोदाकाठ (पैठण)
कॅचरभाऊ बरोबर. माझ्या बहिणीनं खो-खोत घाम गाळला आणि तिचंही असंच झालं. खरं-खोटं ठरवायला त्या दिवशीची स्कोअरशीट मागवायची, एवढं सोपं आहे. कुणी मागवत नाही.

कॅचर नं. 7
स्कोअरशीट! आमच्या फायनलची स्कोअरशीट चहाच्या डागासकट मपल्यापाशीच हाय. संघटनेनं नेलीच नाही.

काळा कोट
माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. मसुदा मी देतो, फी नको.

अंबाजोगाईची मावशी
तुमचं भांडण चालू द्या, मी मूळ विषयावर बोलते. माझा भाचा लातूरला नीटच्या क्लासला होता. पोरगं हुशार, गणित पक्कं. त्यानंही असंच ‘दोन टक्के’ ठरवलं होतं, वहीत तक्ते आखले होते. आधी मेसचे पैसे गेले, मग क्लासचा दुसरा हप्ता. घरी सांगितलं, पाकीट चोरीला गेलं. भाऊजींनी गाय विकून परत भरले. दोन टक्के कशाचे हो? पोराकडे स्वतःचे पैसे होते कुठे?

पंटर
मावशी, वाईट वाटलं. पण त्यानं नियम मोडला. हरलेलं भरून काढू नका, हेच तर लिहिलंय मी.

मावशी
रात्री दोनला खोलीत एकटं असलेलं पोरगं नियम पाळतं का, ते तुम्हीच सांगा. अमेरिकेत खेळणारा तो जपानी बेसबॉलपटू ओहटानी, त्याचा दुभाषी तर बेसबॉलमध्येच वावरणारा. त्यानं ओहटानीच्या खात्यातून सट्ट्यासाठी जवळपास एक कोटी सत्तर लाख डॉलर उचलले ना?

पंटर
त्यानं बेसबॉलवर लावलेच नव्हते, इतर खेळांवर लावले. माहिती घेऊन बोलावं.

मावशी
बरं बाबा, मग बेसबॉल पवित्र.

मोंढ्यातला
पंटरभाऊ, सरळ विचारतो. तुम्ही अभ्यासू, वही ठेवता. या सीझनचा एकूण आकडा काय?

पंटर
एकूण आकड्यानं काही सिद्ध होत नाही. मे महिन्यात मी चांगला पुढे होतो.

मोंढ्यातला
मे नाही, एकूण.

पंटर
उणे 6,400. झालं समाधान? त्यात दोन सामन्यांत पिचर ऐन वेळी बदलला, ते धरू नका. आणि तुमच्या साडेतीन टक्क्यांचा हिशोब बरोबर आहे, मी तो नाकारला कधी?

मोंढ्यातला
नाकारला नाही, पोस्टमध्ये लिहिला नाही.

पंटर
वरती एक ओळ घालतो. ‘मीसुद्धा तोट्यात आहे.’ पोस्ट मात्र काढणार नाही.

कॅचर नं. 7
वकीलसाहेब, तो मसुदा पाठवा. अन् पंटर, रविवारी सकाळी सातला मैदानावर ये. पहाटे उठायची सवय हाय तुला. ग्लोव्ह एकच हाय, तो मी घालणार.