मदत हवी आहे : तेरांची संमती आवश्यक असताना अमेरिकेची राज्यघटना नऊ राज्यांच्या बळावर कशी लागू झाली?

नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या अभ्यासवर्गात पुढील महिन्यात मला अमेरिकन वसाहतींच्या स्वातंत्र्यावर बोलायचे आहे. स्टॅम्प कायदा, बोस्टन बंदरात फेकलेला चहा, १७७६चा जाहीरनामा, यॉर्कटाउनची शरणागती, एवढा भाग नीट मांडता येईल असे वाटते. (यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिसच पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला आणि टिपूविरुद्ध मराठ्यांच्या साथीने लढला, हे मी आवर्जून सांगणार आहे.) माझे घोडे अडले आहे ते त्यानंतरच्या टप्प्यावर.

१७८१मध्ये अमलात आलेल्या, तेरा राज्यांना एकत्र बांधणाऱ्या राज्यसंघाच्या करारनाम्यानुसार लहानमोठ्या प्रत्येक राज्याला एकच मत होते, काँग्रेसला (राज्यांच्या प्रतिनिधींच्या मध्यवर्ती सभेला) कर बसवण्याचा अधिकार नव्हता आणि करारात बदल करायचा तर तेराही राज्यांच्या विधिमंडळांची मान्यता लागत होती. युद्धाचे कर्ज फेडण्यासाठी आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याची योजना १७८२मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकारामुळे बारगळली, यावरून ही अट किती जाचक होती ते दिसते. फेब्रुवारी १७८७मध्ये काँग्रेसने फिलाडेल्फियातील परिषदेला मान्यता दिली ती केवळ या करारनाम्यात दुरुस्त्या सुचवण्यासाठी. प्रतिनिधींनी मात्र बंद दाराआड चार महिने बसून संपूर्ण नवी घटना लिहिली आणि तिच्या सातव्या कलमात नमूद केले की, नऊ राज्यांच्या खास परिषदांनी मान्यता दिली की त्या नऊ राज्यांपुरती ती लागू होईल. जून १७८८मध्ये न्यू हॅम्पशायरने नववी मान्यता दिली.

जुन्या कराराची अट पाळली गेली नाही, हे उघड आहे. नव्या घटनेचा एक प्रमुख शिल्पकार जेम्स मॅडिसन याने याचे समर्थन दोन प्रकारे केलेले आढळते : एका राज्याच्या हट्टापायी बारा राज्यांचे भवितव्य अडवून धरणे अन्याय्य आहे, आणि करारातील एका पक्षाने तो मोडला तर इतरांवर त्याचे बंधन राहत नाही. पहिला युक्तिवाद मला पटतो, पण तो नैतिक आहे, कायदेशीर नव्हे. दुसरा कायदेशीर आहे, पण त्याच करारनाम्यात संघ शाश्वत असल्याचे लिहिलेले असताना तो कितपत टिकतो, याचा मला उलगडा होत नाही.

जाणकारांना माझे दोन प्रश्न आहेत. घटनेला मान्यता द्यावी की नाही हे ठरवणाऱ्या व्हर्जिनियाच्या परिषदेत घटनेचा विरोधक पॅट्रिक हेन्री याने ‘आम्ही लोक’ (घटनेच्या प्रारंभीचे शब्द) असे म्हणण्याचा अधिकार या प्रतिनिधींना कोणी दिला, असे विचारले होते. त्याला समर्थकांनी तेथे नेमके काय उत्तर दिले? आणि वॉशिंग्टनने एप्रिल १७८९मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतर वर्षाहून अधिक काळ, म्हणजे मे १७९०मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी घटना स्वीकारीपर्यंत, ऱ्होड आयलंड कायद्याच्या दृष्टीने परके राज्य मानायचे की जुन्या संघाचा उरलेला घटक?